मल्चिंग पेपरची जन्मकथा आणि माझ्या वावरातले तुकडे



परवा खालच्या वावरात नांगरट केली. या वावरात टोमॅटोला मल्चिंग पेपर टाकला होता, त्याला आता सहा वर्षं होतील. तरी नांगराच्या प्रत्येक तासाला चंदेरी-काळे तुकडे वर येतात. कुठे बोटाएवढा, कुठे नखाएवढा. बगळे नांगरामागे किडे टिपत होते आणि मी बगळ्यांमागे तुकडे वेचत होतो. दीड एकरात युरियाची अर्धी गोणी भरली.

बांधावर बसलो आणि एकच विचार डोक्यात. उसाचं पाचट कुजतं, पऱ्हाटी कुजते, उकिरड्यात पडलेलं जुनं धोतरसुद्धा वर्षभरात दिसेनासं होतं. मग हा केसापेक्षा पातळ पेपर का कुजत नाही? आपण त्याला पेपर म्हणतो, पण कागदाचा त्यात धागाही नाही. हा आहे तरी काय, आला कुठून?

माझं शिक्षण दहावी. पण पुतणी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत तिला धरून बसवलं, तिची पुस्तकं चाळली, जे कळलं नाही ते पुन्हा पुन्हा विचारलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय. गोष्ट मोठी आहे, पण आपल्या रोजच्या कामाची आहे. सवडीने वाचा.

सुरुवात एका वायूपासून. त्याचं नाव इथिलीन. हा आपल्याला परका नाही. जळगावकडे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोडतात तो हाच. डाळिंबाचा बहार धरताना पानगळीसाठी इथेफॉन फवारतो, त्यातून झाडात सुटतो तोही हाच. पिकलेलं फळ स्वतः हा वायू सोडतं, म्हणून अढीत एक आंबा पिकला की बाकीचे पटापट पिकतात. फळातून इथिलीन निघतं हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने १९३४ साली सिद्ध केलं. आणि गंमत बघा, त्याच इंग्लंडात जेमतेम वर्षभर आधी याच वायूचं प्लॅस्टिक झालं होतं. तेही कुणी करायला गेलं नव्हतं.

चेशायर परगण्यात विनिंग्टन नावाच्या गावी आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे गिब्सन आणि फॉसेट हे दोघे प्रचंड दाबाखाली निरनिराळी द्रव्यं एकत्र कोंडून काय होतं ते बघत होते. मार्च १९३३ मध्ये एका शुक्रवारी त्यांनी जाड पोलादी भांड्यात इथिलीन आणि कडू बदामाच्या वासाचं बेन्झाल्डिहाइड कोंडलं. तापमान १७० अंश, दाब हवेच्या दाबाच्या हजार-दोन हजार पट. आपण ड्रीपला एक-दीड किलो प्रेशर ठेवतो आणि दोन किलो झालं की जॉइंट निसटतील म्हणून पळत सुटतो. त्यावरून अंदाज घ्या.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी येऊन बघतात तर दाब उतरलेला, कुठेतरी गळती झालेली. भांडं उघडलं तर नळीच्या टोकाला पांढरं, मेणासारखं काहीतरी चिकटलेलं. चिमूटभरच. तपासलं तर त्यात बेन्झाल्डिहाइड नव्हतंच, नुसतं इथिलीन एकमेकांना जोडलं गेलं होतं.

त्यांनी पुन्हा करून बघितलं. कधी काहीच होईना, कधी आतला वायू भडकून काजळी व्हायची आणि स्फोट. भांडी फुटायला लागल्यावर काम थांबवलं.

तसं पाहिलं तर हा पांढरा पदार्थ त्याआधी जर्मनीत फॉन पेखमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली १८९८ सालीच निघाला होता. पण त्याचा उपयोग काय ते कुणाला सुचलं नाही. बी चांगलं असलं तरी वाफसा नसला की उगवत नाही, तसं झालं.

विनिंग्टनला डिसेंबर १९३५ मध्ये पेरिन, पॅटन आणि विल्यम्स यांनी अधिक मजबूत भांडं घेऊन पुन्हा प्रयत्न केला. दाब उतरायला लागला. त्यांना वाटलं इथिलीन जोडलं जातंय, म्हणून वरून आणखी इथिलीन सोडलं. खरं तर थोडं जोडलं जात होतं आणि थोडं गळत होतं. पण ती गळती नशिबाची निघाली. वरून घातलेल्या इथिलीनमध्ये किंचित प्राणवायू मिसळलेला होता. भांडं उघडलं तर आठेक ग्रॅम पांढरी पावडर. गुपित होतं ते त्या किंचित प्राणवायूत. अजिबात नसला तर सुरुवात होत नाही, जास्त झाला तर भडका. पहिल्या वेळी जमलं आणि नंतर का जमेना, त्याचं उत्तर तेव्हा मिळालं.

आता तो किंचित प्राणवायू काय करतो ते सांगतो. इथेच खरी गोम आहे.

पुतणीने कागदावर अक्षरं आणि रेघा काढल्या. मी म्हटलं, "अगं, ही तर फुगडी आहे." ती हसली, म्हणाली, "तात्या, तसंच समजा, काही चुकत नाही."

तर बघा. कार्बनच्या कणाला चार हात. इथिलीनमध्ये दोन कार्बन असतात. दोघी समोरासमोर उभ्या, दोन-दोन हातांनी एकमेकींना धरलेलं, म्हणजे फुगडीच. उरलेल्या दोन-दोन हातांत एकेक हायड्रोजन, लेकरासारखा. अशा लाखो फुगड्या भांड्यात फिरताहेत. सगळ्यांचे हात गुंतलेले, त्यामुळे कुणी कुणाला धरत नाही.

आता यात एक हात मोकळा असलेला कुणीतरी शिरतो. गरम भांड्यात प्राणवायूमुळे असे मोकळ्या हाताचे कण तयार होतात. हा येतो आणि एका फुगडीतल्या एकीचा हात ओढून धरतो. फुगडी अर्धी सुटते. दोघी एका हाताने अजून धरून आहेत, पण दुसरीचा एक हात आता मोकळा झाला. ती तो हात रिकामा ठेवत नाही, शेजारच्या फुगडीतला एक हात ओढते. तिथली एक मोकळी होते, ती पुढची फुगडी सोडवते. असं करत करत हजारो फुगड्यांची एकच लांब रांग होते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. याला साखळी वाढ म्हणतात.

यात तीन टप्पे. सुरुवात, म्हणजे मोकळा हात शिरणं. वाढ, म्हणजे टोकाला एकेक फुगडी जोडली जाणं. आणि शेवट. शेवट कधी होतो? दोन रांगांची मोकळी टोकं समोरासमोर आली आणि त्यांनी एकमेकांचा हात धरला की संपलं. मोकळा हात उरला नाही, आता ती रांग वाढत नाही.

एवढा दाब कशाला लागतो तेही यातून कळतं. वायूचे कण विरळ असतात. मोकळ्या हाताला पुढची फुगडी लवकर सापडली नाही तर रांग तिथेच मरते. दाबून गर्दी केली की हाताशीच पुढची फुगडी.

पण गर्दीत आणखी एक गोष्ट होते. रांगेचं मोकळं टोक कधी कधी मागे वळतं आणि आपल्याच रांगेतल्या एकीच्या हातातला हायड्रोजन हिसकावतं. टोकाचा हात भरला, पण मधल्या एकीचा रिकामा झाला. मग रांग तिथून वाढायला लागते, म्हणजे फांदी फुटते. म्हणून उंच दाबाचं पॉलिथिन फांद्याफांद्यांचं असतं. बाभळीच्या फांद्यांचा भारा बांधून बघा, कितीही आवळा, मध्ये पोकळी राहतेच. तसंच हे. साखळ्या घट्ट बसत नाहीत, म्हणून प्लॅस्टिक मऊ, ताणणारं आणि हलकं. हे झालं लो डेन्सिटी पॉलिथिन, घनता ०.९२ च्या आसपास.

एवढी लांब साखळी खरंच असते, हेसुद्धा लोक आधी मानत नव्हते. रबर, कापूस, स्टार्च हे लहान कणांचे गोळे आहेत असं भल्याभल्यांचं मत होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं की नाही, या लांबच लांब साखळ्या आहेत. वर्षानुवर्षं त्यांना विरोध झाला. शेवटी १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. साखळी वाढताना आणि संपताना नेमकं काय होतं याचा हिशोब पॉल फ्लोरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३७ पासून मांडला, त्यांनाही १९७४ साली नोबेल मिळालं. कामाची गोष्ट पटायला वेळ लागतो, हे आपल्या गावातही बघतोच की.

आयसीआयचा मोठा कारखाना सुरू झाला १ सप्टेंबर १९३९ ला. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध पेटलं. पॉलिथिन लगेच युद्धात गेलं. रडारच्या केबलला असं आवरण लागत होतं की वीज गळणार नाही आणि वजनही होणार नाही. हे आवरण मिळाल्यामुळे विमानात रडार बसवणं सोपं झालं. म्हणजे आपला मल्चिंग पेपर जन्माने फौजी आहे.

१९५३ साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं. जर्मनीत म्युलहाइम इथे कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत इथिलीनची साखळी मध्येच तुटायला लागली. दोनच फुगड्या जोडल्या की थांबायची. शोधता शोधता कळलं की भांड्यात आधीच्या कामातलं किंचित निकेल राहिलं होतं. झिग्लर यांच्या लोकांनी उलटा विचार केला. एक धातू साखळी तोडतो, तर दुसरा कुठला ती लांबवत असेल का? एकेक धातू तपासत गेले आणि टायटॅनियम सापडलं. टायटॅनियमचं क्षार आणि ॲल्युमिनियमचं एक द्रव्य मिळून असं विरजण झालं की इथिलीन साध्या दाबाला जोडलं जायला लागलं.

यात साखळी वेगळ्या तऱ्हेने वाढते. टोकाचा हात मोकळा सुटत नाही, तो धातूने धरून ठेवलेला असतो. नवी फुगडी धातू आणि साखळी यांच्या मध्ये घुसते. केस कसा मुळातून वाढतो, तसं. टोक मोकळं नसल्याने ते मागे वळत नाही आणि फांदी फुटत नाही. सरळ साखळ्या उसाच्या मोळीसारख्या चिकटून बसतात. म्हणून हे प्लॅस्टिक कडक आणि दणकट. हे हाय डेन्सिटी पॉलिथिन. अमेरिकेत फिलिप्स कंपनीच्या होगन आणि बँक्स यांनाही १९५१ साली क्रोमियम वापरून असाच मार्ग सापडला होता. १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी झिग्लर यांचीच तऱ्हा वापरून प्रोपिलीनची साखळी केली. खताच्या गोण्या आणि टोमॅटो बांधायची सुतळी त्याचीच. झिग्लर आणि नाट्टा यांना १९६३ साली नोबेल मिळालं.

आमच्या घरात ही मोळी आली ती घागरीच्या रूपाने. माझी आई तांब्याची घागर डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून पाणी आणायची. ऐंशीच्या आसपास बाजारातून पहिली प्लॅस्टिकची घागर आली. आजी म्हणाली, "हे काय घरात आणलं?" आईने घागर उचलून बघितली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तांब्याची घागर फळीवर गेली. प्लॅस्टिकला नावं ठेवताना मला ती घागर आठवते. त्या साखळीने बायांच्या मानेवरचं ओझं कमी केलं आहे, ते विसरून चालणार नाही.

शेतात प्लॅस्टिक आणणाऱ्यांत अमेरिकेच्या केंटकी विद्यापीठातले एमरी एमर्ट यांचं नाव घेतात. काच परवडत नव्हती म्हणून १९४८ साली त्यांनी पातळ फिल्म लावून हरितगृह उभं केलं, पुढे पॉलिथिनचं आच्छादनही वापरून दाखवलं. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी प्लॅस्टिकच्या नळीतून थेंब थेंब पाणी द्यायची रीत बसवली आणि १९६५ साली हात्झेरीम या वसाहतीत तिचं उत्पादन सुरू झालं. भारतात पॉलिथिन पहिल्यांदा बंगालमध्ये रिश्रा इथे १९५९ च्या सुमारास तयार झालं. पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला कारखाना आला. मुंबई हायच्या समुद्राखालून येणारा गॅस फोडून तिथे इथिलीन करतात.

आपल्या ड्रीपची लॅटरल आणि मल्चिंग पेपर बहुतेक लीनियर लो डेन्सिटीचे. त्यात साखळी सरळ ठेवतात, पण मुद्दाम थोडं ब्युटीनसारखं द्रव्य मिसळून आखूड फांद्या आणतात. त्यामुळे लवचीक आणि चिवट, दोन्ही.

आता माझ्या वावरातल्या तुकड्यांकडे येतो.

सहा वर्षांपूर्वी टोमॅटोला दर बरा होता, पण माझ्याकडे पैसा नव्हता. दुकानदार म्हणाला, हा पेपर घ्या, रोलमागे तीनशे रुपये वाचतील. वर २५ मायक्रॉन लिहिलेलं होतं. तिसऱ्याच महिन्यात उन्हाने पेपर करकरायला लागला. तोडे संपल्यावर ओढायला गेलो तर हातात चिंध्या. मजुरी परवडेना म्हणून तसाच रोटर मारला. ही चूक माझी. दुकानदाराने पातळ माल दिला, पण मातीत मी मिसळला.

असं का झालं, ते आता कळतं. उन्हातले अतिनील किरण साखळीवर पडले की कुठेतरी हात सुटतो. मोकळा हात तयार झाला की हवेतला प्राणवायू तो धरतो आणि तिथून साखळी तुटायला लागते. एका मोकळ्या हाताने पुढचा हात मोकळा होतो, पुन्हा साखळीच, फक्त उलटी. फांदी फुटलेल्या जागा आधी जातात. बघा कसं आहे, ज्या प्राणवायूमुळे १९३५ साली साखळी सुरू झाली, तोच उन्हाच्या जोडीने वावरात ती तोडतो.

पण तुटते म्हणजे कुजत नाही. हजारो कड्यांची साखळी शंभर ठिकाणी तुटली तरी तुकडे जंतूंना गिळता येत नाहीत. पाचटातही साखळीच असते, साखरेच्या कणांची. पण तिचे जोड कापायची कात्री मातीतल्या बुरशी आणि जंतूंकडे लाखो वर्षांपासून आहे. पॉलिथिनच्या कार्बन-कार्बन जोडाला तशी कात्री जवळपास नाही. आणि मातीत पुरला की ऊनही लागत नाही, मग तो आणखी टिकतो. रोटर मारून मी त्याला सावलीत नेऊन ठेवला.

आता मी काय करतो ते सांगतो. पटलं तर घ्या.

१. रोल वजन करून घेतो. चार फुटी (१.२ मीटर), ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा रोल नळी सोडून साधारण ११ किलो भरला पाहिजे. २० मायक्रॉनचा भरतो पावणेनऊच्या आसपास, ३० चा सव्वातेरा. हिशोब सोपा आहे: लांबी, रुंदी, जाडी आणि घनता यांचा गुणाकार. छापील आकड्यापेक्षा काटा खरं बोलतो.

२. लॅटरलचा काळा रंग शोभेचा नाही. त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो, तो ऊन स्वतः शोषतो आणि साखळी वाचवतो. आयएसआय खूण आणि आयएस १२७८६ हा क्रमांक बघूनच घेतो. लॅटरलचा छोटा तुकडा पाण्यात टाकून बघा, आत हवा राहू देऊ नका. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. बुडालं तर काहीतरी भर घातलेली असणार. पीव्हीसी मात्र बुडतंच, त्याची घनता १.४ च्या आसपास.

३. पॉलिहाऊसवाल्यांनो, गंधकाच्या फवाऱ्याने आणि धुरीने फिल्मचं आयुष्य कमी होतं. उन्हापासून वाचवणारी द्रव्यं त्यात घातलेली असतात, गंधक ती निकामी करतं.

४. पीक संपलं की पेपर अखंड असतानाच ओढून काढतो, रोटर नंतर. यंदा २५ मायक्रॉनचा पूर्ण पेपर दोन माणसांनी एका दिवसात एकरभर काढला. चिंध्या वेचायला आठ दिवस लागले असते. माती झटकून, गुंडाळून भंगारवाल्याला देतो.

५. बांधावर जाळत नाही. मी एकदा जाळलंय, त्यात पीव्हीसीचे पाइपही होते. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. घरच्यांना दोन दिवस खोकला होता.

६. आपोआप विरघळतो म्हणून कुणी पेपर विकत असेल तर कशाने विरघळतो ते विचारा. स्टार्च किंवा पीबीएटीसारख्या पदार्थाचा, जंतूंना कापता येणारा पेपर खरंच मिळतो, पण महाग आहे. दुसरा प्रकार साध्या पॉलिथिनमध्ये काहीतरी घालून लवकर तुकडे पाडण्याचा. त्याचे तुकडेच होतात, माती होत नाही. युरोपने तशा प्लॅस्टिकवर बंदी घातली आहे.

मल्चिंग सोडा असं माझं म्हणणं नाही. पाणी वाचतं, खुरपणी वाचते, मी यंदाही टाकलाय. पण ज्यांनी साखळी जोडली, त्यांनी ती कारखान्यात जोडली. ती सोडवायचं काम आपल्या वावरात येऊन पडलंय आणि ते कुणी शिकवलेलं नाही. वडिलांनी मला हे वावर दिलं तेव्हा त्यात दगड होते, ते मी वेचले. माझ्या पोराला मी हे तुकडे देणार नाही, एवढं ठरवलंय. दर नांगरटीला गोणी घेऊन मागे फिरतो. यंदा अर्धी भरली, गेल्या वर्षी पाऊण भरली होती.

तुमच्याकडे जुना पेपर कोण घेतं, काय भावाने घेतं, आणि काढायला कुणी काही जुगाड केलंय का, ते जरूर लिहा. सगळ्यांच्याच कामाला येईल.

राम राम.